मॅडम, माझे तास लिहून देता का?

माझी एक जुनी विद्यार्थिनी आणि तिचा धाकटा भाऊ, दोघांनी एकाच दिवाळीत जर्मनीला जायचं ठरवलं. बहीण नर्स, भाऊ हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. त्याला तिकडच्या कंपनीचं पत्र आलं, व्हिसा झाला आणि गुढीपाडव्याच्या आत तो गेलासुद्धा. बहिणीची फाइल तेव्हा कुठे पुण्याहून नाशिकच्या विद्यापीठात पोचली होती. आई रोज विचारायची, "अगं, त्याच्यापेक्षा तुझे मार्क जास्त, मग तुझंच का अडलंय?"

आईचा प्रश्न अगदी रास्त आहे. मी पुण्यात इतकी वर्षं नर्सिंग शिकवते आहे आणि हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं. कधी धनकवडीहून आलेली मुलगी, कधी कुणाचे वडील, कधी नाइट ड्यूटी संपवून झोपाळलेल्या डोळ्यांनी थेट कॉलेजात आलेला एखादा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

उत्तराची सुरुवात इथूनच करू. पुण्यात कोणीही उठून कोडिंग करू शकतो, त्याला कोणी परवाना विचारत नाही. पण रुग्णाला इंजेक्शन द्यायचं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. ही नोंदणी आपल्यापुरती आहे. उद्या बंगळुरूला नोकरी लागली तरी तिथल्या कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं, मग जर्मनी-इंग्लंडचं काय सांगायचं! काही व्यवसाय कायद्याने कुलूपबंद असतात, नर्सिंग त्यातला एक. भावाला नोकरी मिळाली की काम संपलं. बहिणीला आधी त्या देशाने ‘हो, ही नर्स आहे’ असं म्हणायला हवं, त्यालाच मान्यता म्हणायचं.

यात एक घोळ हमखास होतो. जर्मनीसाठी मुलं इंटरनेटवर शोधतात, विद्यापीठाच्या पदव्यांची तुलना करून देणारं एक सरकारी कार्यालय सापडतं, तिथे पैसे भरतात आणि मोठ्या आनंदाने ते पत्र घेऊन येतात. इंजिनिअरला त्याचा उपयोग आहे. नर्सला नाही. तुमची बी.एस्सी. तिकडच्या बॅचलरएवढी आहे म्हणून कोणी तुम्हाला वॉर्डात उभं करत नाही. पदवीची किंमत ठरणं वेगळं आणि परवाना मिळणं वेगळं.

आता परवाना देणारे नेमकं काय बघतात? देश कुठलाही असो, त्यांना तीन गोष्टी हव्या असतात. कागद खरे आहेत का, शिक्षण आमच्याएवढं झालंय का, आणि आमच्या भाषेत आमच्या पद्धतीने काम जमेल का. फरक पडतो तो कोण कशावर भर देतं त्यात. आखाती देशांचा सगळा जोर पहिल्यावर, जर्मनीचा दुसऱ्यावर, इंग्लंडचा तिसऱ्यावर. अमेरिका थोडं थोडं सगळंच विचारते. एवढं ध्यानात ठेवलं की कुठल्या कागदासाठी जीव टाकायचा आणि कुठल्यासाठी नाही ते आपोआप कळतं.

मुली लॅमिनेट करून घेऊन येतात ते पदवीचं प्रमाणपत्र. (लॅमिनेट करू नका हो! त्यावर शिक्के बसत नाहीत.) पण खरा भाव असतो तो ट्रान्सक्रिप्टला. मार्कशीटमध्ये मार्क असतात, ट्रान्सक्रिप्टमध्ये तास. मेडिकल-सर्जिकलची थिअरी किती तास, वॉर्डातली प्रॅक्टिकल किती तास, बालरोग किती, प्रसूती किती, मानसिक आरोग्य किती, कम्युनिटी किती. परदेशातल्या कार्यालयातल्या बाईला तुम्ही युनिव्हर्सिटीत दुसऱ्या आलात याचं काही वाटत नाही. ती तिच्या अभ्यासक्रमाचा तक्ता डावीकडे ठेवते, तुमचा उजवीकडे आणि रांगेने बघत जाते. जिथे उजवीकडचा रकाना रिकामा, तिथे ती लिहिते: तूट.

म्हणून ‘मॅडम, माझे तास लिहून देता का?’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त ऐकू येतं. आणि तास लिहून देणं हे दिसतं तेवढं सोपं काम नाही. आमच्याकडे कपाटात क्लिनिकल पोस्टिंगची रजिस्टरं आहेत. एक एक पान उघडून, अमुक बॅच अमुक आठवड्यात लेबर रूमला होती, दिवसाचे इतके तास, असं जोडावं लागतं. नवीन मुलांचं तर आणखी निराळं. इंडियन नर्सिंग कौन्सिलने बी.एस्सी.चा अभ्यासक्रम २०२१ मध्ये बदलून सेमिस्टर आणि क्रेडिटवर आणला. तिकडे क्रेडिटचा आकडा दाखवला तर कुणाला अर्थ लागत नाही. आपल्याकडे थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात २० तास, आणि क्लिनिकलचं एक क्रेडिट म्हणजे ८० तास. हे गुणाकार करून ट्रान्सक्रिप्टवर तासांतच उतरवून घ्या. कॉलेज कंटाळा करेल. मागे लागा.

प्रॅक्टिकलच्या तासांत रुग्णालयाचं आणि वॉर्डाचं नावही येऊ द्या. ससूनमध्ये प्रसूती विभागात केलेली पोस्टिंग नुसती ‘क्लिनिकल’ या एका शब्दात गाडून टाकायची म्हणजे स्वतःच्या हाताने तूट ओढवून घेणं.

इथे ब्रदर लोकांसाठी एक गोष्ट. जी.एन.एम. म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. त्याच्या जुन्या अभ्यासक्रमात मुलांना मिडवायफरीऐवजी, म्हणजे सुईणीच्या कामाऐवजी, दुसरा विषय घेता यायचा. त्यामुळे कित्येकांच्या नोंदणीवर फक्त नर्स म्हणून नोंद आहे, मिडवाइफ म्हणून नाही. ज्या देशांत प्रसूती आणि नवजात शिशूंची शुश्रूषा हा मूळ अभ्यासक्रमाचा भाग मानतात, तिथे हा रकाना मोकळा राहतो. अमेरिकेसाठी कागद तपासणारी संस्थाही हा रकाना बघते. अर्ज करण्यापूर्वी आपल्या नोंदणीत काय लिहिलंय ते वाचा. आणि ए.एन.एम., म्हणजे सहायक नर्सचा कोर्स, केलेल्या ताईंना स्पष्टच सांगते, दोन वर्षांच्या त्या कोर्सवर बहुतेक देशांत रजिस्टर्ड नर्स म्हणून मान्यता मिळत नाही. कोणी मिळवून देतो म्हणाला तर तो तुमच्याकडून पैसे मिळवणार आहे.

तासांनंतर सगळ्यात जास्त फायली अडतात त्या नावावर. हा खास आपला मराठी घोळ. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. समजा, ‘पाटील स्नेहल संजय’. पासपोर्टवर ‘स्नेहल संजय’ एका ओळीत आणि ‘पाटील’ दुसऱ्या. लग्न झालं, आधारवर ‘स्नेहल अमोल शिंदे’. कौन्सिलची नोंदणी लग्नाआधीची, अनुभवाचं पत्र लग्नानंतरचं. आपल्याला यात एकच मुलगी दिसते. परदेशातल्या संगणकाला तीन दिसतात. बरं, वधूचं नाव बदलायची हौस असलेली घरंही आहेत, मग तर पहिलं नावसुद्धा वेगळं! लग्नाचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि ‘ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र, हे आधी करून ठेवा. माझं म्हणाल तर परदेशात जायचं मनात असलेल्या मुलीने पासपोर्ट आणि कौन्सिलची नोंदणी यांवर नाव एकच ठेवावं. मग ते माहेरचं का असेना. सासू रागावेल, पण सासूचा राग व्हिसापेक्षा लवकर निवळतो.

मग येते पडताळणी. तुम्ही दिलेल्या झेरॉक्सवर कोणी विश्वास ठेवत नाही, तुमच्या हातून गेलेल्या अस्सल कागदावरही नाही. जिथून कागद निघाला त्यांनीच थेट कळवावं लागतं. बी.एस्सी. असेल तर नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, जी.एन.एम. असेल तर परीक्षा घेणारं मंडळ, नोंदणीसाठी मुंबईतलं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल. कौन्सिलकडून आणखी एक पत्र लागतं, त्याला गुड स्टँडिंग म्हणतात. तुमची नोंदणी चालू आहे आणि तुमच्याविरुद्ध काही कारवाई झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे पत्र ताजं लागतं. त्यामुळे ते सगळ्यात आधी काढून फाइलमध्ये जपून ठेवण्यात काहीही शहाणपण नाही, भाषेची परीक्षा होईपर्यंत ते शिळं होतं आणि पुन्हा मुंबईची वारी.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. एका मुलीचा अमेरिकेचा फॉर्म होता, बंद लिफाफ्यातून कॉलेजने थेट पाठवायचा. मी फॉर्म नीट भरला, सही केली, शिक्का मारला, लिफाफा चिकटवला आणि पाठवला. चार महिन्यांनी उत्तर आलं, कागद ग्राह्य धरता येत नाहीत. कारण काय, तर लिफाफा जिथे बंद होतो त्या सांध्यावर सही-शिक्का नव्हता. म्हणजे मधे कोणी उघडला असेल तर कळणार कसं? बरोबरच होतं त्यांचं. ती मुलगी काही बोलली नाही, उलट पेढे घेऊन पुन्हा फॉर्म द्यायला आली, आणि मला ते पेढे घशाखाली जाईनात. तेव्हापासून मी लिफाफ्यावर तीन ठिकाणी शिक्के मारते. ऑफिसातले शिपाईमामा हसतात.

अनुभवाच्या पत्राबद्दलही दोन शब्द. ‘तिचे वर्तन चांगले होते, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ या पत्राचा परदेशात शून्य उपयोग. लेटरहेड, पद, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठला विभाग, आठवड्याला किती तास, सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा आणि रुग्णालयाचा अधिकृत ईमेल, एवढं हवंच. दुबई-सौदीसाठी डेटाफ्लो नावाची कंपनी या ईमेलवर प्रत्यक्ष विचारणा करते. माझ्या ओळखीच्या एकीने उपनगरातल्या एका छोट्या हॉस्पिटलात तीन वर्षं काढली होती. विचारणा आली तेव्हा तिथल्या एच.आर.ने ईमेल उघडलाच नाही. अहवाल आला, ‘पडताळणी होऊ शकली नाही’. ती रोज जाऊन रिसेप्शनवर बसायला लागली, तेव्हा नवव्या दिवशी उत्तर गेलं. आणखी एक, बाँडच्या नावाखाली मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणारी रुग्णालयं आहेत. रुजू होताना मूळ दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ हातात घेऊन घरी या.

आता जर्मनीकडे वळू, कारण पुण्यात सध्या सगळा ओढा तिकडे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, दहा हजार जणांचा आकडा पेपरात आला, आणि माझ्याकडे पालकांची रांग लागली. करार चांगला आहे. पण करारामुळे मान्यता माफ झालेली नाही, हे कोणी मोठ्या अक्षरात छापलं नाही.

जर्मनीत मान्यता केंद्र सरकार देत नाही, १६ राज्यांची आपापली कार्यालयं आहेत. जिथे नोकरी करणार तिथल्या कार्यालयात अर्ज. कुठे जायचं तेच ठरलेलं नसेल तर बॉनमध्ये एक सरकारी सल्ला केंद्र आहे, ते परदेशातल्या लोकांना फुकट मार्गदर्शन करतं. एजंटाला पैसे मोजण्याआधी त्यांना एक ईमेल टाकायला काय हरकत आहे?

त्यांचा नर्सिंगचा कायदा १ जानेवारी २०२० पासून बदलला. पूर्वी तिथे प्रौढांची नर्स, मुलांची नर्स आणि वृद्धांची नर्स अशी वेगवेगळी शिक्षणं होती, ती एकत्र करून एकच तीन वर्षांचं शिक्षण केलं: २१०० तास वर्गात, २५०० तास प्रत्यक्ष. यात वृद्धांची शुश्रूषा आणि घरी जाऊन करायची सेवा ठासून भरलेली आहे. आपल्या अभ्यासक्रमात शस्त्रक्रिया, औषधं, आयसीयू भरपूर, पण वृद्धाश्रमातली पोस्टिंग? असलीच तर नावाला. साहजिकच तक्ता समोरासमोर ठेवला की तूट निघते. कार्यालय तसं रीतसर पत्र देतं, त्याला आमच्या मुली ‘डेफिझिट-बेशाइड’ म्हणतात. पहिल्यांदा हे पत्र आलं की घरात सुतक पडतं, अर्ज फेटाळला असं वाटतं. तसं काही नसतं. भारतीय नर्सला हे पत्र बहुतेक वेळा येतंच, ते धरूनच पुढचा व्हिसा दिला जातो.

तूट भरून काढायचे दोन मार्ग. एक म्हणजे रुग्णालयात काम करत करत, कमी पडलेल्या विषयांचा अभ्यासक्रम पुरा करायचा. दुसरा म्हणजे ज्ञानपरीक्षा, केंटनिसप्रूफुंग. तोंडी परीक्षा पाऊण ते एक तासाची, आणि प्रात्यक्षिक खऱ्या वॉर्डात खऱ्या रुग्णाजवळ. २०२४ पासून आणखी एक सोय झाली आहे, तक्त्यांची सविस्तर तुलना होऊ न देता ‘मी सरळ परीक्षाच देते’ असं म्हणता येतं. ज्यांच्या कॉलेजची रजिस्टरं पुरात गेली, किंवा कॉलेजच बंद पडलं, त्यांच्यासाठी हा दरवाजा मोलाचा आहे.

हे सगळं पार पडेपर्यंत तुम्ही तिथे नर्स नसता. सहायक असता, पगारही सहायकाचा. परवान्याचा कागद, उअरकुंडे, हातात पडला की पद आणि पगार दोन्ही बदलतात. करारपत्रात हे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिलेले असायला हवेत. एजंट बहुतेक वेळा फक्त नंतरचा, मोठा आकडा सांगतो.

त्या भावा-बहिणीतली बहीण अखेर गेली. तिकडच्या तिच्या पहिल्या महिन्यातला व्हिडिओ कॉल मला आठवतो. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजलेले. "मॅडम, इथे मला सलाइन लावू देत नाहीत. ते डॉक्टरचं काम आहे म्हणतात. आणि रोज सकाळी सहा-सहा आजोबांच्या आंघोळी मी घालते!" तिचा आवाज रडवेला. इथे पाच वर्षं आयसीयूत काढलेली मुलगी, नस सापडत नसली की डॉक्टर तिला हाक मारायचे. आणि आंघोळ, बेडपॅन, भरवणं ही कामं आपल्याकडे मावशी करतात, नाहीतर रुग्णाची सून.

मी तिला म्हटलं, त्या आंघोळीकडे नीट बघ. तिकडे आंघोळ घालणं हे नर्सिंगचं काम का धरलंय? कारण आंघोळ घालताना पाठीवरची लाल झालेली कातडी दिसते, हात उचलायला त्रास होतोय ते कळतं, कालच्यापेक्षा आज आजोबा गोंधळलेले आहेत ते बोलण्यातून समजतं. आणि त्यांना स्वतः जेवढं करता येतं तेवढं करू द्यायचं, चेहरा त्यांचा त्यांना पुसू द्यायचा. आपण प्रेमाने सगळं करून टाकतो, तिथे ते चुकीचं धरतात. परीक्षेत हेच विचारतात. समोरच्या रुग्णाची काळजी कशी आखली, का आखली, आणि मग पुढच्या पाळीच्या नर्सला सगळं जर्मनमध्ये सांगायचं. मुली नापास होतात त्या हाताने नाही, तोंडाने होतात.

म्हणून भाषा. जर्मनच्या पायऱ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत जातात. परवान्यासाठी बी-२ पातळी लागते, व्हिसाला साधारणपणे बी-१ वर काम भागतं. एक नवा मार्ग, मान्यता-भागीदारी, मार्च २०२४ पासून सुरू झाला, त्यात ए-२ वर जाता येतं आणि मान्यतेचा अर्ज तिथे पोचल्यावर करता येतो. ऐकायला छान आहे. पण ए-२ म्हणजे ‘पाणी हवं का’ एवढी भाषा. आजोबा रात्री दोन वाजता त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटतात तेव्हा ए-२ काय कामाचं? माझं मत विचाराल तर बी-२ इथेच करून जा. बोट क्लब रोडवरच्या मॅक्सम्युलर भवनात परीक्षा होते. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग, प्रत्येकात शंभरपैकी ६० हवेत, आणि एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. अडचण वेगळीच असते. क्लास संध्याकाळी सहाला आणि ड्यूटी आठवड्याला बदलणारी. नोकरी सांभाळून ज्या मुलींचं बी-२ झालं त्यांना दीड-दोन वर्षं लागली. सहा महिन्यांत करून देतो म्हणणारे बोर्ड पुण्यात चौकाचौकात आहेत.

जर्मनीचं आणखी दोन-तीन फुटकळ. जन्मदाखला, लग्नाचा दाखला मराठीत असेल तर त्याचंसुद्धा शपथबद्ध भाषांतरकाराकडून जर्मन करून लागतं. गोवर झाल्याचा किंवा लस घेतल्याचा पुरावा आरोग्य क्षेत्रात कायद्याने बंधनकारक आहे. आणि घाई असेल तर तिकडचं रुग्णालय ४११ युरो भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकतं, ते काम मालकाचं आहे, तुम्ही इथून करू शकत नाही. कार्यालयाला निर्णयासाठी मुदत असते खरी, पण तिचं घड्याळ सुरू होतं सगळे कागद पोचल्यावर. एक ट्रान्सक्रिप्ट राहिलं की घड्याळ बंदच.

इंग्लंडचं तंत्र अगदी उलटं. तिथली संस्था नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल, सगळे एनएमसी म्हणतात. ते तुमचे तास मोजत बसत नाहीत. शिक्षण झालंय आणि नोंदणी आहे एवढी खात्री झाली की म्हणतात, या, परीक्षा द्या. पहिला भाग संगणकावर, भारतातच देता येतो. त्यात औषधाच्या मात्रांची १५ गणितं आणि १०० प्रश्न. गणितं सोपी असतात आणि तिथेच लोक धडपडतात, कारण मिलिलिटर-मिलिग्रॅमचं पाठांतर नसतं, वॉर्डात सवयीने हात चालतो. दुसरा भाग, ऑस्की, इंग्लंडात जाऊन. दहा स्टेशनं, नाटकातल्यासारखा रुग्ण आणि समोर परीक्षक. तिथे तुमच्या सवयी उघड्या पडतात. रुग्णाजवळ जाण्याआधी हात धुतले का, स्वतःचं नाव सांगितलं का, त्याचं नाव विचारून मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघितलं का, ॲलर्जी विचारली का. आपण हे सगळं मनातल्या मनात करतो. तिथे मोठ्याने करायचं. मी मुलींना घरी आजीवर सराव करायला सांगते, आजी वैतागतात पण त्यांनाही ऐकायला कोणीतरी मिळतं. ऑस्कीची फी ७९४ पौंड आहे, बहुतेक वेळा तिकडचं रुग्णालय भरतं.

इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण, संभाषण ७ आणि लेखन ६.५ लागतं. नाहीतर ओईटी, ज्यात सगळे उतारे वैद्यकीय असतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना मी ओईटीच सुचवते. हिमनगांवरच्या निबंधापेक्षा डिस्चार्ज झालेल्या रुग्णाचं पत्र लिहिणं त्यांना जवळचं वाटतं. दोन्हींचे निकाल दोन वर्षं चालतात. इंग्लंडची भरती मात्र मधल्या काळात मंदावली आहे, आणि केअर वर्कर म्हणून परदेशातून नव्याने भरती तर जुलै २०२५ पासून बंदच झाली. केअर वर्कर म्हणजे देखभालीची कामं करणारा मदतनीस, नर्स नव्हे. ‘आधी केअर वर्कर म्हणून जा, मग नर्स व्हा’ असं सांगून ज्यांच्याकडून लाखो रुपये उकळले अशी माणसं मी बघितली आहेत.

बाकीचे देश थोडक्यात. अमेरिकेला आणि कॅनडाला एनक्लेक्स ही परीक्षा लागते. संगणक तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न ठरवतो, कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०. परीक्षा मुंबईत देता येते. पण अमेरिकेत पास होणं आणि जायला मिळणं यांत भारतीयांसाठी कायमच्या व्हिसाची वर्षानुवर्षांची रांग आहे, लग्न-मुलं-घराचं कर्ज हे सगळं त्या रांगेत उभं राहून होतं. ऑस्ट्रेलियातही आपल्याला साधारणतः एनक्लेक्स आणि वर तिकडे जाऊन ऑस्की द्यावी लागते. आखातात डेटाफ्लोची पडताळणी आणि बहुतेक ठिकाणी प्रोमेट्रिक या कंपनीची संगणकावरची परीक्षा, हा सगळ्यांत झटपट मार्ग. तिथल्या आणि आणखी काही देशांच्या मिळून १८ देशांसाठी नर्सना आपल्या सरकारची ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून परवानगी लागते, २०१५ पासून हा नियम आहे. टुरिस्ट व्हिसावर नेतो म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे नमस्कार करा.

एजंटाबद्दल कायदा काय म्हणतो तेही बघा. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली त्याची नोंदणी असायला हवी, ती ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर नाव टाकून तपासता येते. उमेदवाराकडून तो जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेऊ शकतो, पावतीसकट. चार लाख, सहा लाख हे आकडे कायद्यात कुठेच नाहीत. इंग्लंडच्या सरकारी आचारसंहितेत तर उमेदवाराकडून भरतीचे पैसे घ्यायलाच मनाई आहे, आणि जर्मनीतही खर्च मालकाने करायचा या अटीवर भरती संस्थांना सरकारी मानचिन्ह मिळतं. ते आहे का, विचारा. विचारल्यावर फोनवरचा माणूस किती वेळ गप्प राहतो तेही ऐका.

शेवटी एक, जे गेलेल्यांनाच सांगायचं आहे. परवा माझ्याच एका जुन्या बॅचच्या मुलीचा फोन आला. आठ वर्षं दुबईत, आता ऑस्ट्रेलियाला निघाली आहे. तिकडून गुड स्टँडिंग मागितलं, आणि इथली तिची नोंदणी मधेच संपलेली, नूतनीकरण केलंच नव्हतं. "दुबईचं लायसन्स होतं ना मॅडम, मला वाटलं इथलं कशाला लागतंय." आता आई नऱ्ह्याहून फाइल घेऊन निघाली आहे, सिंहगड एक्स्प्रेसने मुंबईला. जाताना कॉलेजात थांबणार आहे, तास लिहिलेला कागद घ्यायला. लिफाफ्यावर शिक्के मारून ठेवलेत.